समजावून सांगणारा अध्यक्ष

बँकेच्या बंद शटरवर चिकटवलेली नोटीस वाचत उभी राहिलेली माणसे महाराष्ट्राने पुष्कळदा पाहिली आहेत. कुणाच्या मुलीचे लग्न तोंडावर आलेले असते, कुणाची निवृत्तीची पुंजी आत अडकलेली असते, आणि नोटिशीत लिहिलेले असते की पुढील आदेशापर्यंत अमुक रकमेच्या वर पैसे काढता येणार नाहीत. त्या गर्दीतला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत असतो : माझे पैसे गेले कुठे? मार्च १९३३ मध्ये हा प्रश्न एक अख्खा देश विचारत होता.

४ मार्चच्या शनिवारी वॉशिंग्टनमध्ये फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांचा शपथविधी होता. त्याच दिवशी पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांच्या गव्हर्नरांनी आपल्याकडच्या बँका बंद ठेवण्याचे हुकूम काढले. न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडलाच नाही. बहुतेक राज्यांत बँकांना एक तर टाळे होते, नाही तर त्या खातेदाराच्या हातावर थोडीफार रक्कम टेकवून त्याला वाटेला लावत होत्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात चेक वटत नव्हता.

मंदीची गोष्ट आपण नेहमी ऑक्टोबर १९२९ च्या शेअर बाजारापासून सुरू करतो. पण शेअर बाजारात पैसा असलेली घरे त्या मानाने थोडी होती. सामान्य माणसाच्या घरात मंदी शिरली ती बँकांच्या दारातून. १९३० पासून १९३३ पर्यंत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. ठेवींना देशपातळीवर विम्याचे संरक्षण नव्हते, त्यामुळे बँक बुडाली की ठेवीदाराच्या हाती काय लागेल ते नशिबावर. शेजारच्या गावची बँक बुडाल्याचे कळले की माणूस आपल्या बँकेकडे धावे, पैसे काढून गादीखाली ठेवी. पैसा गादीखाली गेला की बँकेकडे कर्जाला उरत नाही, कर्ज नाही म्हणून कारखान्याला भांडवल नाही, म्हणून कामगार घरी, आणि घरी बसलेला कामगार घराचा हप्ता भरू शकत नाही म्हणून आणखी एक बँक गोत्यात. १९३३ च्या आरंभी दर चार कामगारांतला एक बेकार होता. बेकारांचा आकडा सव्वा कोटीच्या वर गेला होता.

या साऱ्याचे खापर मावळते अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्या एकट्याच्या माथी फुटले, आणि ते काहीसे अन्यायाचे आहे. हूव्हर पेशाने खाण अभियंते. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पोचवण्याचे प्रचंड काम त्यांनी उभे केले होते. अडचणीतल्या बँकांना आणि रेल्वे कंपन्यांना कर्ज देणारे महामंडळही त्यांनीच १९३२ मध्ये स्थापन केले. हातावर हात ठेवून बसलेला हा माणूस नव्हता. पण सरकारने गरजूला थेट पैसे दिले तर माणसाचा स्वावलंबीपणा जाईल, या समजुतीला ते घट्ट धरून राहिले. पहिल्या महायुद्धातले बेकार सैनिक आपला बोनस लवकर मिळावा म्हणून राजधानीत तळ ठोकून बसले, तेव्हा जुलै १९३२ मध्ये लष्कराने त्यांना अश्रुधूर सोडून हुसकावले, झोपड्या पेटल्या. त्यानंतर हूव्हर काहीही बोलले तरी लोकांच्या कानापर्यंत ते पोचेना.

नोव्हेंबर १९३२ मध्ये निवडणूक झाली आणि नवा अध्यक्ष मार्चमध्ये आला. मधल्या चार महिन्यांत हूव्हर रूझवेल्टना संयुक्त निवेदन काढण्याची गळ घालत होते आणि रूझवेल्ट टाळत होते. हूव्हर यांच्या धोरणाशी स्वतःला बांधून घ्यायचे नाही, हे त्यांचे कारण राजकारणाच्या दृष्टीने चोख होते. तरी माझ्या मते त्या टाळाटाळीची किंमत ठेवीदारांनी मोजली. फेब्रुवारीत मिशिगन राज्यातल्या बँका बंद पडल्या आणि तिथून घबराट देशभर पसरली.

रूझवेल्ट कोण होते? हडसन नदीकाठच्या हाइड पार्कमधल्या सधन घराण्यातला, आईचा एकुलता एक मुलगा. १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओने त्यांच्या कमरेखालचे बळ गेले. पायांना पोलादी पट्ट्या आवळून, कुणाच्या तरी दंडाचा आधार घेत ते चार पावले टाकत. लोकांना आजार झाल्याचे माहीत होते, पण अध्यक्ष आधाराशिवाय चालू शकत नाही हे बहुतेकांना कळले नाही, कारण छायाचित्रकार चाकाच्या खुर्चीचे छायाचित्र घेत नसत.

रूझवेल्टनी पहिल्याच आठवड्यात जे केले त्याचे दोन भाग होते. एक कायद्याचा, दुसरा बोलण्याचा.

कायद्याचा भाग असा. ६ मार्चला मध्यरात्रीनंतर त्यांनी घोषणा काढून देशातल्या सगळ्या बँका बंद केल्या. त्यासाठी शत्रुराष्ट्राशी व्यापार रोखणारा १९१७ चा युद्धकाळातला कायदा वापरला. बंदीला नाव दिले 'बँक हॉलिडे'. एका शब्दाने सुद्धा भीती थोडी उतरते : टाळे म्हटले की पोटात गोळा येतो, सुट्टी म्हटली की ती कधी तरी संपणार असते. त्या दिवसांत दुकानदारांनी उधारीच्या वह्या काढल्या, मालकांनी पगाराऐवजी चिठ्ठ्या दिल्या. ९ मार्चला काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, खास अधिवेशन भरले. विधेयकाच्या प्रतीही सदस्यांच्या हाती नव्हत्या, ते वाचून दाखवण्यात आले. त्याच रात्री दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळून सही झाली. ठणठणीत बँका आधी उघडायच्या, आजारी बँकांना मदत देऊन नंतर, आणि मेलेल्या बँका उघडायच्याच नाहीत, असा त्याचा गाभा. शिवाय बँकांकडच्या कर्जरोख्यांच्या तारणावर फेडरल रिझर्व्हला, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, नव्या नोटा पुरवता येतील, ही मुभा. लोकांनी कितीही पैसे मागितले तरी नोटा कमी पडणार नाहीत, याची तजवीज झाली.

हा आराखडा बराचसा हूव्हर यांच्या अर्थखात्यातल्या अधिकाऱ्यांनीच आखला होता. सत्ता गेल्यावरही ती मंडळी नव्या अर्थमंत्र्यांच्या शेजारी बसून रात्रंदिवस खपली. म्हणजे कागद साधारण तेच होते आणि ते लिहिणारी माणसेही तीच. मग फरक कशाने पडला? माझे उत्तर आहे : रविवार, १२ मार्च, रात्री दहा वाजता.

त्या रात्री रूझवेल्ट व्हाइट हाउसमध्ये रेडिओच्या ध्वनिक्षेपकासमोर बसले आणि जेमतेम चौदा मिनिटे बोलले. ऐकणाऱ्यांची संख्या सुमारे सहा कोटी धरली जाते. अधिकोषणाचे तंत्र जाणणारे थोडे असतात, पैसे ठेवणारे आणि चेक लिहिणारे बहुसंख्य असतात, मला त्यांच्याशी बोलायचे आहे, असे त्यांनी आरंभीच सांगितले. मग ठेवीचे काय होते ते समजावले. तुम्ही पैसे भरता तेव्हा बँक ते तिजोरीत रचून ठेवत नाही. ती कर्जरोख्यांत, व्यापारी हुंड्यांत, घरांच्या गहाणखतांत गुंतवते, म्हणून चाके फिरती राहतात. रोख रक्कम हाताशी थोडीच असते आणि एरवी तेवढी पुरते. सगळे एकाच वेळी दारात उभे राहिले तर चांगल्यात चांगली बँकसुद्धा सगळ्यांना एका दिवसात पैसे देऊ शकत नाही.

माझे पैसे गेले कुठे, या प्रश्नाचे हे सरळ उत्तर होते. तीन वर्षांत ते देशाच्या प्रमुखाने इतक्या सोप्या शब्दांत कुणाला दिले नव्हते. पुढे त्यांनी कोणत्या शहरात कोणत्या दिवशी बँका उघडतील ते सांगितले. तुमची बँक सोमवारी उघडली नाही म्हणजे ती बुडाली असे समजू नका, हेही सांगितले. काही बँका उघडणारच नाहीत, काहींचे नुकसान होणार, हे लपवले नाही. आणि शेवटी म्हणाले की गादीखालच्या पैशापेक्षा पुन्हा उघडलेल्या बँकेतला पैसा सुरक्षित आहे.

सोमवारी सकाळी बँकांपुढे पुन्हा रांगा लागल्या, आणि त्या पैसे भरणाऱ्यांच्या होत्या. बुधवारी शेअर बाजार उघडला आणि एका दिवसात १५ टक्क्यांहून जास्त चढला. महिनाअखेरीपर्यंत लोकांनी दडवलेल्या रोकडीपैकी सुमारे दोन तृतीयांश रक्कम बँकांत परत आली होती. आठ दिवसांत देशातली प्रत्येक बँक बारकाईने तपासणे शक्यच नव्हते, त्यामुळे उघडलेली बँक पक्की, या आश्वासनात थोडी जोखीम होती. पण ते ऐकून लोक पैसे भरायला आले, आणि पैसे आल्यामुळे बँका खरोखरच पक्क्या झाल्या.

ठेवींवरचा विमा मात्र रूझवेल्टना मनापासून पटलेला नव्हता. चांगल्या बँकांनी वाईट बँकांचे ओझे का वाहायचे, अशी त्यांची शंका. काँग्रेसमधल्या सदस्यांच्या रेट्याने तो जून १९३३ च्या कायद्यात आला आणि जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवी सुरक्षित झाल्या. त्यानंतर बँकांवर धाव घेण्याचे प्रकार जवळपास थांबले. आपल्याकडे १९६० मध्ये केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर ठेव विम्याचा कायदा झाला आणि १९६२ पासून १,५०० रुपयांचे संरक्षण मिळाले. आज ते ५ लाख रुपये आहे. सहकारी बँकेच्या ठेवीदाराला अडचणीच्या दिवशी आधार वाटतो तो याच तरतुदीचा.

त्या पहिल्या भाषणानंतर रूझवेल्ट सुमारे तीस वेळा असे बोलले. या भाषणांना एका रेडिओ अधिकाऱ्याने 'फायरसाइड चॅट', म्हणजे शेकोटीपाशीच्या गप्पा, असे नाव दिले आणि तेच रुळले. ते सावकाश बोलत, रोजच्या वापरातले शब्द घेत. लोक त्यांना पत्रे लिहू लागले. हूव्हर यांच्या काळात पत्रांच्या व्यवस्थेला एक माणूस पुरत असे, आता दिवसाला हजारो पत्रे येऊ लागली.

'न्यू डील' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनांची यादी मोठी आहे आणि ती सगळी इथे देण्यात अर्थ नाही. काही प्रयोग फसले. उद्योगांना संहिता लावणारा कायदा १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शेतमालाचे भाव वाढावेत म्हणून उभा कापूस नांगरून टाकला आणि साठ लाख डुकरे मारली, तेही लोक उपाशी असताना. पण जंगलात झाडे लावणारी, बंधारे बांधणारी तरुणांची पलटण, सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर, मला त्या काळातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ डॉलर थेट घरी आईवडिलांना. नऊ वर्षांत सुमारे तीस लाख तरुण त्यातून गेले. आणि १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा, ज्यामागे मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांची चिकाटी होती. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातल्या त्या पहिल्या स्त्री. म्हातारपणी निवृत्तिवेतन, बेकारीत भत्ता, ही त्या देशात नवी गोष्ट होती. शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय नेमके तीच कामे करत होते.

१९३७ मध्ये रूझवेल्ट घसरले. मंदी हटली असे धरून त्यांनी खर्चाला कात्री लावली, अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी करायला निघाले. त्याच सुमारास फेडरल रिझर्व्हने बँकांवरची रोख राखीव निधीची अट कडक केली. वर्षभरात बेकारी १४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. १९४० मध्येही दर सात कामगारांमागे एक बेकार होता. १९४४ मध्ये हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास उतरले. मधल्या काळात सरकारने युद्धासाठी खर्च केला, राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. मंदी न्यू डीलने हटवली की युद्धाने, हा वाद अजून चालतो. मला तरी या आकड्यांतून एवढेच दिसते की औषध बरोबर होते, मात्रा सात वर्षे अपुरी पडली.

युद्धाची वाट जास्त अवघड होती, कारण लोकांना युद्ध नको होते. पहिल्या महायुद्धाची कटुता ताजी होती आणि तटस्थतेचे कायदे अध्यक्षाचे हात बांधत होते. १९४० च्या डिसेंबरात ब्रिटनचे डॉलर संपत आले. १७ डिसेंबरला पत्रकारांसमोर रूझवेल्टनी एक दृष्टान्त दिला. शेजाऱ्याच्या घराला आग लागली आहे आणि माझ्याकडे बागेला पाणी घालायचा रबरी पाइप आहे. मी काय त्याला म्हणेन, हा पंधरा डॉलरला घेतला, आधी पंधरा डॉलर टाक? मला पैसे नकोत, आग विझली की पाइप परत दे. मार्च १९४१ मध्ये 'लेंड-लीज' कायदा झाला. युद्ध संपेपर्यंत मित्रराष्ट्रांना सुमारे ५,००० कोटी डॉलरची सामग्री गेली, एकट्या सोव्हिएत संघाला चार लाखांच्या आसपास ट्रक आणि जीप. विरोधक सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांचे म्हणणे होते की लढाईचे सामान उसने देणे हे चघळायचा गोंद उसना देण्यासारखे आहे, तो कुणी परत घेत नाही. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. पण शेजारच्या आगीची झळ आपल्या घराला लागते, ही गोष्ट कुठल्याही गावातल्या माणसाला समजते, आणि रूझवेल्टना तीच पोचवायची होती.

याच रेडिओवरून अर्धसत्यही गेले. ११ सप्टेंबर १९४१ च्या भाषणात त्यांनी सांगितले की जर्मन पाणबुडीने 'ग्रीअर' या अमेरिकी विनाशिकेवर हल्ला केला. ती विनाशिका बराच वेळ त्या पाणबुडीचा माग काढून ब्रिटिश विमानाला तिचा ठावठिकाणा कळवत होती, हे मात्र सांगितले नाही. हिटलरविरुद्ध उभे राहणे योग्य होते असे मानणाऱ्यानेही ही गोष्ट नजरेआड करू नये.

७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला, २,४०० अमेरिकी मारले गेले, आणि वाद संपला. पुढचे तीन महिने पराभवाचे होते. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडले, फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्य वेढ्यात सापडले होते. लोक विचारत होते, त्यांना मदत का जात नाही? २३ फेब्रुवारीच्या भाषणाआधी रूझवेल्टनी नागरिकांना सांगितले की जगाचा नकाशा समोर घेऊन बसा. दुकानांतले नकाशे संपले, वर्तमानपत्रांनी नकाशे छापले. त्या रात्री त्यांनी भूगोलाचा तासच घेतला : महासागर आता खंदक राहिलेले नाहीत, जपानच्या ताब्यातली बेटे फिलिपिन्सला कशी वेढून आहेत, रसद किती हजार मैलांवरून न्यावी लागते, म्हणून तिथे तातडीने आरमार पाठवता येत नाही. ते बोलत असतानाच एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बाराजवळच्या तेलक्षेत्रावर तोफा डागल्या. ज्यांच्या मांडीवर नकाशा होता त्यांना त्या गोळ्यांचा अर्थ सांगावा लागला नसेल.

नागरी वापराच्या मोटारी बनवणे त्याच महिन्यात थांबले. मोटारींचे कारखाने रणगाडे आणि बाँबफेकी विमाने बनवू लागले. १९४४ या एका वर्षात अमेरिकेने ९६,००० च्या आसपास विमाने तयार केली.

पण फेब्रुवारी १९४२ ची पाने उलटताना २३ तारखेच्या चार दिवस आधी थांबावे लागते. १९ फेब्रुवारीला रूझवेल्टनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे, शेती, दुकाने सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत नेण्यात आले. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. त्यांच्यावर आरोप नव्हता, खटला नव्हता. सरकारचे महान्यायवादी फ्रान्सिस बिडल यांचा विरोध होता. हवाई बेटांवर, जिथे हल्ला प्रत्यक्ष झाला आणि लोकसंख्येचा एक तृतीयांशाहून मोठा भाग जपानी वंशाचा होता, तिथे अशी सरसकट कैद झाली नाही. हे एकच उदाहरण लष्करी गरजेचा दावा खोटा पाडायला पुरेसे आहे. बँकेतला पैसा कुठे जातो आणि रसद कुठल्या समुद्रातून जाते हे शेजारी बसून सांगणाऱ्या अध्यक्षाने आपल्याच नागरिकांना का कोंडले, यासाठी एकही शेकोटीपाशीची गप्प राखून ठेवली नाही. सांगण्यासारखे कारण असते तर त्यांनी सांगितले असते.

हिंदुस्थानच्या बाबतीतही काहीसे तसेच झाले. रूझवेल्ट आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये काढलेल्या अटलांटिक सनदेत प्रत्येक राष्ट्राला आपले सरकार निवडण्याचा हक्क लिहिला होता, आणि महिन्याभरात चर्चिल यांनी तो हिंदुस्थानला लागू नाही असा खुलासा केला. रूझवेल्टनी एप्रिल १९४२ मध्ये चर्चिलना हिंदुस्थानबाबत खाजगीत गळ घातली, नकार आल्यावर मागे सरले. १ जुलैला गांधीजींनी त्यांना पत्र लिहून विचारले की हिंदुस्थान आणि आफ्रिका पारतंत्र्यात असताना, आणि अमेरिकेत निग्रोंचा प्रश्न तसाच असताना, स्वातंत्र्यासाठी लढण्याची भाषा पोकळ वाटत नाही का. पाच आठवड्यांनी मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले. रूझवेल्ट जाहीरपणे काही बोलले नाहीत.

१ मार्च १९४५ ला, याल्टा इथल्या मित्रराष्ट्रांच्या परिषदेहून परतल्यावर, ते काँग्रेससमोर बसून बोलले. उभे न राहिल्याबद्दल माफी मागताना त्यांनी पायांवरच्या दहा पौंड पोलादाचा उल्लेख केला. एरवी जे कटाक्षाने झाकले जाई ते त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगितले. १२ एप्रिलला जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज येथे, त्यांचे चित्र काढले जात असताना, मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. चित्र अपुरे राहिले.

छावण्यांतून परतलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना उत्तर मिळायला १९८८ साल उजाडले. त्या वर्षीच्या कायद्याने अमेरिकेने माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊ केले, आणि त्या कैदेची कारणे मजकुरातच नोंदवली : वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश.